रविवारची हवा

नदीचं नाव वाह.
ठिकठिकाणी अडवलेली.
तिच्या पाण्यातून वीज निघते,
तारेवरून आमच्या बेअरिंगच्या कारखान्यात येते,
आणि पाइपांच्या सांध्यांतून
फुस्स करून निघून जाते.

रविवारी इथे कुणी नसतं.
तरी कंप्रेसर दर चार मिनिटांनी जागा होतो,
भरतो, धापा टाकतो, थांबतो.
कुणासाठी, हे त्याला कुणी विचारलेलं नाही.

शुक्रवारी मी भिंतीवर आलेख लावला :
शनिवार-रविवार जमिनीला टेकायला हवे होते,
ते गुडघ्याइतके उभे.
मॅनेजर म्हणाले, नवा कंप्रेसर मागवू, मोठा.
वेंडेलिन आलेखाकडे बघत म्हणाला,
"घागर गळते म्हणून
कुणी विहीर रुंद करत नाही."

तर आज आम्ही दोघंच. बाहेर उणे अकरा.
माझ्या हातात गळती ऐकणारं यंत्र, भाड्याचं.
त्याच्या हातात साबणाचं पाणी, दाढीचा जुना ब्रश,
खिशात पिवळ्या चिठ्ठ्या नि तार.
अर्ध्या तासात यंत्राची बॅटरी संपली.

वेंडेलिनला ऐकू येत नाही.
छत्तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये;
दोन्ही कान हप्त्याहप्त्याने
पगारातून कापून गेले.
तो वरचा ओठ ओला करतो,
सांध्याजवळ तोंड नेतो,
डोळे मिटतो.
"इथे."
मी ब्रश फिरवते. बुडबुडे.

तिसऱ्या लाइनवर एका नळीला
सायकलची ट्यूब गुंडाळलेली, गाठ मोठी सुबक.
"ही माझीच," तो म्हणाला,
"त्या वर्षी सुटे भाग मिळत नव्हते."
आणि स्वतःच्या गाठीला
त्याने चिठ्ठी बांधली.

मग भट्टी. आठशे चाळीस अंश. आत काही नाही.
मी ओठ ठळक हलवत विचारलं, का?
सोमवारी पहाटे तयार हवी.
सोमवारी माल दहाला येतो. मग का?
गार झाली की विटा तडकतात.
कधी तडकल्या?
एकदाच. वाह गोठली होती त्या हिवाळ्यात.
त्या विटा आहेत अजून?
छे, अस्तर दोनदा बदललं.
मग कोण म्हणालं, पेटती ठेवा?

वेंडेलिनने टोपी काढली.
"फोरमन ओंड्रुश.
त्याला जाऊन बारा वर्षं झाली."

बारा वर्षं आम्ही
एका गेलेल्या माणसाच्या भीतीला
दर रविवारी ऊब देत होतो.

मी भट्टी एकदम विझवली नाही.
साडेपाचशेवर आणली.
भीतीलाही उतरायला पायऱ्या लागतात.

संध्याकाळी चिठ्ठ्या मोजल्या : एकोणचाळीस.
सत्तावीस तिथल्या तिथे आवळल्या,
एक तर नुसती बोटांनी.
उरलेल्या सोमवारच्या लोकांच्या
डोळ्यांसमोर लोंबत ठेवल्या.

कंप्रेसरच्या खोलीत बाकावर बसलो.
त्याने घरून आणलेली खसखशीची पोळी
कागदावर सोडली, मोठा तुकडा मला दिला.
चार मिनिटं.
सहा.
नऊ.
मग मी घड्याळ बघणं सोडलं.
बंधाऱ्यावरून पडणारी वाह ऐकू येत होती,
इथे, आत, भिंतींमधून.
मी त्याच्याकडे वळले,
शांततेची खूण कोणत्या हाताने करतात
ते मला आठवेना.

पण त्याने बूट काढला होता.
मोज्यातला पाय फरशीवर सपाट टेकवून बसला होता,
झोपलेल्या पोराच्या पाठीवर
हात ठेवून बसावं तसा.
"गप्प झाली," तो म्हणाला, "जमीन."

सतराव्या मिनिटाला
ती पुन्हा थरथरली.
वेंडेलिनने बुटाची नाडी बांधली,
कागदावरची खसखस बोटाने टिपून खाल्ली.
"बारा राहिल्यात," म्हणाला,
आणि ओठ ओला करून उठला.